पहिल्या तक्रारीचा दिवस

१२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात एका कैद्यावर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. कैदी येरवड्याचा, गुन्हा राजद्रोहाचा, शिक्षा सहा वर्षांची. पोटदुखी बळावल्याचे दिसताच सिव्हिल सर्जन कर्नल मॅडॉक यांनी त्याला तुरुंगातून हलवले. कैद्याने व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेतले आणि सर्जनवर आपला विश्वास असल्याचे निवेदन सही करून दिले. रात्रीच शस्त्रक्रिया सुरू झाली. मध्येच वीज गेली, तेव्हा कंदिलाच्या उजेडात ती पुरी करण्यात आली. ५ फेब्रुवारीला सरकारने कैद्याला प्रकृतीच्या कारणावरून बिनशर्त सोडून दिले. त्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी.

त्या रात्री दुखणे ओळखणे, निर्णय घेणे, हलवणे आणि शस्त्रक्रिया करणे यांत वेळ फुकट गेला नाही. सरकारला जगाच्या नजरेची धास्ती होती म्हणून असेल, मॅडॉक चांगले डॉक्टर होते म्हणून असेल. पण तुरुंगातला माणूस वाचू शकतो आणि त्यासाठी काय लागते, हे त्या रात्री दिसले. आजही येरवड्याच्या बंद्यांना मोठ्या उपचारासाठी नदीपलीकडे ससूनलाच नेले जाते. अंतर तेच आहे. ते कापायला किती दिवस लागतात, हा प्रश्न या पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक लेखात कुठल्या ना कुठल्या रूपात येतो.

बाहेरच्या माणसाच्या छातीत कळ आली की तो रिक्षा करतो, शेजाऱ्याला हाक मारतो, निदान औषधाच्या दुकानापर्यंत जातो. बंद्याला यातले काहीच करता येत नाही. तो आधी बराकीच्या पहारेकऱ्याला सांगतो. पहारेकऱ्याला ते खरे वाटले तर निरोप कारागृहाच्या दवाखान्यात जातो. तिथे डॉक्टर हजर असेल तर तपासणी होते, आणि बाहेर पाठवायचे ठरले तर पत्र तयार होते. मग पोलीस गार्डची मागणी जाते. गार्ड आधी न्यायालयाच्या तारखांना द्यायचे असतात, शहरात सणाचा किंवा निवडणुकीचा बंदोबस्त असतो. गार्ड मिळाला की बाह्यरुग्ण विभागाची वेळ टळलेली असते, आणि तपासणीसाठी पुढची तारीख मिळाली तर हीच साखळी पहिल्यापासून सुरू होते. यातल्या कुठल्याही एका कडीपाशी कोणी दुष्टपणा करावा लागत नाही. प्रत्येकाने आपापल्या नियमाप्रमाणे काम केले, तरी माणूस मरू शकतो.

कागदावर मग हा मृत्यू ‘नैसर्गिक’ या रकान्यात जातो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या कारागृह आकडेवारीप्रमाणे त्या वर्षी देशातल्या तुरुंगांत १,९९५ बंदी मरण पावले. त्यांपैकी १,७७३ मृत्यू नैसर्गिक आणि १५९ अनैसर्गिक नोंदले गेले. उरलेल्यांचे कारण तेव्हा निश्चित झालेले नव्हते. अनैसर्गिकांतले ११९ आत्महत्येचे होते. वर्षअखेरीस तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि जागा ४,३६,२६६ जणांची. म्हणजे हजारामागे साधारण साडेतीन मृत्यू. देशाचा एकूण मृत्युदर हजारी सहाच्या आसपास असतो, तेव्हा वरवर पाहणाऱ्याला तुरुंग बाहेरच्यापेक्षा सुरक्षित वाटू शकेल. पण देशाच्या दरात तान्ही मुले येतात, नव्वदीतले वृद्धही येतात. तुरुंगात मात्र दहांतले आठहून अधिक जण १८ ते ५० या वयातले असतात, आणि बहुसंख्य पुरुष. या वयात माणसे सहसा मरत नाहीत. शिवाय मरणासन्न अवस्थेत जामीन मिळून घरी गेलेला आणि आठवड्याने गेलेला माणूस या आकड्यात सापडत नाही. कारागृहाच्या मृत्युदराकडे पाहताना वय, लिंग आणि माणूस किती काळ आत होता या तीन गोष्टी विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, हा या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने शिकायचा पहिला धडा.

दुसरा धडा असा की तुरुंग ही साठवण नाही, वर्दळ आहे. वर्षअखेरीस मोजलेली माणसे पावणेसहा लाख असली तरी वर्षभरात अठरा लाखांच्या घरात माणसे आत येतात आणि त्यांतली बरीचशी बाहेर पडतात. त्यांच्यासोबत क्षय, खरूज, कावीळ, एचआयव्ही, व्यसन आणि मनाचे आजारही आत-बाहेर करतात. रोज कर्मचारी घरी जातात, न्यायाधीन बंदी न्यायालयात जातात, नातेवाईक मुलाखतीला येतात. भिंत माणसाला अडवते, जंतूला अडवत नाही.

हे सर्वांत आधी ज्यांना कळले ते न्यायाधीश होते, आणि ते त्यांना जिवावर बेतल्यामुळे कळले. इंग्लंडमध्ये कैद्यांच्या अंगावरच्या उवांतून पसरणारा टायफस ‘तुरुंगताप’ म्हणूनच ओळखला जाई. १५७७ मध्ये ऑक्सफर्डच्या न्यायालयात आणि १७५० मध्ये लंडनच्या ओल्ड बेलीत हा ताप कैद्यांबरोबर न्यायासनापर्यंत पोचला. १७५० मध्ये तर लंडनचे लॉर्ड मेयर आणि न्यायाधीशही त्यात गेले. पुढे १७७३ मध्ये बेडफर्डशायरचे शेरीफ झालेल्या जॉन हॉवर्ड यांनी देशभरचे तुरुंग पायाखाली घातले. निर्दोष सुटलेली माणसेही जेलरची फी देता येत नाही म्हणून आत खितपत पडलेली त्यांनी पाहिली. फाशीने मरतात त्याहून अधिक कैदी तापाने मरतात, असे त्यांनी मांडले. १७७४ मध्ये ब्रिटिश संसदेने कैद्यांच्या आरोग्याचा कायदा केला, भिंतींना चुना, हवा, आंघोळ आणि डॉक्टर यांची तरतूद केली. १७७७ मध्ये हॉवर्ड यांचे पुस्तक आले. १७९० मध्ये खेरसन इथे तापानेच त्यांचा अंत झाला. कारागृह-आरोग्य या विषयाची सुरुवात इथून मानण्याची प्रथा आहे. तिच्यातली एक गोष्ट विसरता कामा नये: कैद्याच्या प्रकृतीकडे समाजाचे लक्ष गेले ते बहुधा त्याचा आजार समाजापर्यंत पोचल्यावरच.

भारतात ही परंपरा आली ती कंपनी सरकारबरोबर, आणि वेगळ्या वळणाने आली. १८३८ मध्ये मेकॉले यांच्या पुढाकाराने नेमलेल्या तुरुंग-शिस्त समितीचा अहवाल आला. पुढच्या काळात तुरुंगांची सूत्रे अनेक ठिकाणी डॉक्टरांकडे गेली. कैद्यांचे वजन, आहार, मृत्यू यांची जितकी बारकाईने नोंद झाली तितकी त्या काळात गावातल्या रयतेचीही झाली नव्हती. डेव्हिड अर्नल्ड यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे की वसाहतीच्या वैद्यकाला हिंदी माणसाचे शरीर पहिल्यांदा सलगपणे हाताशी आले ते लष्कराच्या बराकीत आणि तुरुंगात. कैदी पळून जाऊ शकत नव्हता, काय खातो ते ठाऊक होते, किती काम करतो तेही ठाऊक होते. अभ्यासकाला याहून सोयीची माणसे कुठे मिळणार? आणि नकार देण्याची मुभा याहून कमी कोणाला असणार?

या दोन्ही प्रश्नांचे सर्वांत नाट्यमय उत्तर मुंबईत मिळाले. १८९६ मध्ये शहरात प्लेगने थैमान घातले. वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना लस दिली गेली, उरलेले तसेच राहिले. लस न घेतलेल्यांत बारा जणांना प्लेग झाला आणि सहा जण दगावले. घेतलेल्यांत दोघांना झाला आणि कोणीही गेला नाही. या निकालाने लसीवरचा विश्वास वाढला, पुढे लाखो लोकांना ती मिळाली, आणि परळच्या संस्थेला हाफकिन यांचे नाव मिळाले. भायखळ्याच्या त्या कैद्यांचे कुठे स्मारक नाही. त्यांची संमती किती मोकळी होती, हा प्रश्न आज कोणत्याही वैद्यकीय नीती समितीसमोर पहिला आला असता. त्या काळच्या कागदांत तो जवळजवळ नाहीच. मुंबईचे सार्वजनिक आरोग्य कैद्यांचे किती देणे लागते, याचा हिशेब कधीतरी नीट मांडायला हवा.

याच दशकातला १८९४ चा कारागृह कायदा. त्याच्या ३९व्या कलमाने प्रत्येक तुरुंगात आजारी कैद्यांसाठी रुग्णालय किंवा योग्य जागा सक्तीची केली. पण अभ्यासकाने खरे वाचावे ते १५वे कलम. कैदी मेला की वैद्यकीय अधिकाऱ्याने काय काय लिहून ठेवायचे याची ती यादी आहे: मृताने पहिल्यांदा आजाराची तक्रार केली तो दिवस, त्या दिवशी त्याला दिलेले काम, त्या दिवशीचा आहार, रुग्णालयात घेतल्याचा दिवस, वैद्यकीय अधिकाऱ्याला पहिल्यांदा कळवल्याचा दिवस, आजाराचे स्वरूप, डॉक्टरने मृत्यूपूर्वी शेवटचे पाहिले ती वेळ, मृत्यूची वेळ, आणि शवविच्छेदन झाले असल्यास त्यात जे दिसले ते. वसाहतीच्या राज्यकर्त्यांना कैद्यांविषयी कळवळा होता असे नव्हे. त्यांना हिशेब हवा होता. तरीही त्यांनी विचारलेले प्रश्न बिनचूक आहेत. पहिल्या तक्रारीचा दिवस, डॉक्टरला कळल्याचा दिवस आणि खाट मिळाल्याचा दिवस या तीन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या, की मृत्यू नैसर्गिक होता की टाळता येण्यासारखा, याचा अंदाज कोणालाही बांधता येतो. आजच्या छापील वार्षिक तक्त्यात हृदयविकार, फुफ्फुसाचे विकार, क्षय, कर्करोग असे आजारांचे रकाने आहेत. त्या तीन तारखा मात्र त्यात नाहीत. प्रस्तुत संग्रहाची मूळ मागणी त्या तारखांची आहे.

स्वातंत्र्यलढ्याने तुरुंगाच्या दवाखान्यात सुशिक्षित, लिहिणारी माणसे नेली. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८२ मध्ये टिळकांबरोबर भोगलेल्या शिक्षेवर ‘डोंगरीच्या तुरुंगात आमचे १०१ दिवस’ लिहिले, तेव्हा मराठी वाचकाला तिथले अन्न आणि दिनक्रम प्रथमच आतून दिसले. मंडालेत टिळकांना मधुमेह आहाराने आवरावा लागला. जतीन दास ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ रोजी लाहोरच्या तुरुंगात मरण पावले. १९३३ मध्ये अंदमानात उपोषण मोडण्यासाठी नळीने बळजबरीने अन्न घालताना तिघांचे प्राण गेले. त्या नळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली घातल्या जात. तुरुंगातला डॉक्टर रोग्याचा की सरकारचा, हा या विषयातला सर्वांत जुना आणि सर्वांत अवघड पेच तिथे उघडा पडला. आगा खान पॅलेसमध्ये महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ ला गेले आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला गेल्या, त्या दोघांचेही मृत्यू स्थानबद्धतेतलेच. इतक्या नेत्यांनी तुरुंग भोगलेल्या देशात स्वातंत्र्यानंतर कारागृहाचे आरोग्य हा अग्रक्रमाचा विषय व्हायला हवा होता. तसे झाले नाही.

ते काम बऱ्याच अंशी न्यायालयांनी उचलले. १९७८ आणि १९८० च्या सुनील बात्रा निकालांत न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तुरुंगाच्या दारात मूलभूत हक्क काढून ठेवावे लागत नाहीत असे बजावले. हुसैनारा खातून प्रकरणाने वर्षानुवर्षे विनाखटला पडलेली माणसे पुढे आणली. मुंबईच्या तुरुंगातल्या स्त्रियांना भेटून पत्रकार शीला बारसे यांनी पाठवलेल्या पत्रातून १९८३ चा निकाल आला. याच शीला बारसे यांच्या दुसऱ्या याचिकेवर १९९३ मध्ये, गुन्हा केलेला नसताना केवळ मनोरुग्ण म्हणून कोणाला तुरुंगात ठेवणे घटनाबाह्य ठरले. त्याआधी अशी माणसे तुरुंगात होती, हे आज वाचताना अंगावर काटा येतो. तुरुंगसुधारणेसाठी नेमलेल्या मुल्ला समितीने १९८३ मध्ये सविस्तर अहवाल दिला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्थापनेच्याच वर्षी, १९९३ मध्ये, कोठडीतला मृत्यू चोवीस तासांत कळवण्याचा दंडक घातला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना सांगितले, की २०१२ ते २०१५ या काळात तुरुंगात अनैसर्गिक मृत्यू आलेल्यांचे नातेवाईक शोधा आणि त्यांना भरपाई द्या. या सगळ्या आदेशांत अनैसर्गिक मृत्यूला जेवढी जागा मिळाली तेवढी आजारपणाने आलेल्या मृत्यूला मिळाली नाही. कायद्याला हात उगारणारा दिसतो, उशीर करणारा सहसा दिसत नाही.

जगात या विषयाचे अभ्यास तीन-चार वाटांनी वाढले. समाजशास्त्रज्ञांची वाट जुनी. ग्रेशम साइक्स यांनी १९५८ मध्ये न्यू जर्सीच्या एका तुरुंगाचा अभ्यास करून स्वातंत्र्य, वस्तू, सहवास, स्वायत्तता आणि सुरक्षितता हिरावल्याने कैद्याला होणाऱ्या यातना मांडल्या. त्यांच्या मताला उत्तर देणारे म्हणाले, की माणूस आपली गरिबी, व्यसन आणि जुनी दुखणी घेऊनच आत येतो. तुरुंग ती निर्माण करत नाही. हा वाद अजून संपलेला नाही, आणि आत्महत्येच्या प्रश्नावर तो फार कळीचा ठरतो. साथरोगतज्ज्ञांनी मोजमाप आणले. सीना फाझेल आणि जॉन डॅनेश यांनी २००२ मध्ये बारा देशांतल्या सुमारे २३ हजार कैद्यांवरच्या पाहण्या एकत्र केल्या, तेव्हा दर पंचवीस पुरुषांमागे एकाला तीव्र मनोविकार आणि दहामागे एकाला गंभीर नैराश्य आढळले. अमेरिकेत तर एक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली: कृष्णवर्णीय पुरुषांचा मृत्युदर तुरुंगात बाहेरच्यापेक्षा कमी निघाला. याचा अर्थ तुरुंग चांगला असा लावणे फसवे आहे. त्यातून कळते ते त्यांच्या वस्त्यांतले आयुष्य काय आहे ते.

वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या तीस हजारांवर कैद्यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सगळ्यांनी वाचावा असा आहे. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर नागरिकांच्या तुलनेत जवळजवळ तेरा पट निघाला. मुख्य कारण अमली पदार्थांचा अतिरेक. आत राहून शरीराची सवय मोडते, बाहेर येऊन माणूस जुनीच मात्रा घेतो. पंजाबमध्ये किंवा मुंबईत व्यसनी बंद्यांबरोबर काम करणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक असते. आपल्याकडे सुटलेल्या माणसाचा माग काढणारी व्यवस्थाच नसल्याने ते आकड्यात उतरत नाही.

हक्कांची वाट कायद्यातून गेली. १९७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे ही क्रूर शिक्षा ठरवली. २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या प्रकरणात त्याच न्यायालयासमोर आले, की तिथे दर सहा-सात दिवसांनी एक कैदी टाळता येण्यासारख्या कारणाने मरतो. न्यायालयाने कैद्यांची संख्या क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांवर आणण्याचा आदेश कायम केला. गर्दी हेच वैद्यकीय दुर्लक्षाचे मूळ आहे, हे त्या निकालाने मान्य केले. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांनी कैद्याला समाजातल्या इतरांइतकीच वैद्यकीय सेवा मिळावी हे तत्त्व ठळक केले.

चौथी वाट प्रशासनाची, आणि कदाचित सर्वांत उपयोगाची. तुरुंगाचा डॉक्टर कोणाच्या पगारावर असावा? नॉर्वेने १९८८ मध्ये, फ्रान्सने १९९४ मध्ये आणि इंग्लंडने २००६ पर्यंत तुरुंगातले आरोग्य कारागृह खात्याकडून काढून सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेकडे दिले. कारण साधे होते. अधीक्षकाच्या मर्जीवर असलेल्या डॉक्टरला ‘या माणसाला आजच बाहेर हलवा’ हे ठामपणे म्हणणे जड जाते. शिवाय त्याचा स्वतःच्या व्यवसायाशी संबंध तुटतो. नवी औषधे, नव्या तपासण्या, सहकाऱ्यांशी सल्लामसलत यांपासून तो दूर पडतो आणि हळूहळू दाखले देणारा अधिकारी होऊन बसतो. भारतात हा बदल करायचा तर त्याचा आराखडा राज्यागणिक वेगळा असेल. पण चर्चा तरी व्हावी.

आता हे सगळे इतक्या तातडीने का? एक कारण गर्दी. २०२२ च्या अखेरीस देशातली सरासरी १३१ टक्के असली तरी सरासरीत कोणी झोपत नाही. मुंबईच्या आर्थर रोडला वर्षानुवर्षे मंजूर क्षमतेच्या तिप्पट-चौपट माणसे राहिली आहेत. महाराष्ट्राचा एकूण भार क्षमतेच्या दीडपटीहून अधिक. संध्याकाळी बराक बंद होते ती सकाळपर्यंत. इतक्या तासांत एका खोकणाऱ्या माणसाच्या क्षयाला शेजारच्या अंथरुणापर्यंत जायला अडचण नसते. जेवण बराक बंद होण्याआधीच वाटले जाते, त्यामुळे इन्शुलिन घेणाऱ्याचे रात्रीचे गणित बिघडते. मे २०२० मध्ये आर्थर रोडमध्ये कोविड शिरला तेव्हा काही दिवसांत बाधितांचा आकडा शंभरावर गेला. त्या वर्षी हजारो बंद्यांना तात्पुरता जामीन आणि अभिवचन रजा मिळाली, शाळा-महाविद्यालयांत तात्पुरती कारागृहे उघडली. गर्दी कमी करता येते हे तेव्हा सिद्ध झाले. साथ ओसरल्यावर ती पुन्हा भरली, आणि त्याविषयी फारसे कोणी बोलले नाही.

दुसरे कारण, आत असलेल्यांपैकी दर चारांतले तीन न्यायाधीन आहेत. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. त्यांतला जो आजाराने जातो त्याचा खटला त्याच्याबरोबरच संपतो. ८३ वर्षांचे, कंपवाताने ग्रासलेले फादर स्टॅन स्वामी ऑक्टोबर २०२० मध्ये तळोजा कारागृहात आले. हात थरथरत असल्याने पाणी पिण्यासाठी त्यांना नळीचा पेला हवा होता आणि तो मागायला न्यायालयात जावे लागले. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या वैद्यकीय जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयापुढे होता. चाकाच्या खुर्चीवर वावरणारे प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांनी नागपूर कारागृहात एकांतवासाच्या अंडा सेलमध्ये वर्षे काढली. मार्च २०२४ मध्ये ते निर्दोष सुटले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले. त्यांच्याच खटल्यातला एक तरुण आदिवासी सहआरोपी ऑगस्ट २०२२ मध्ये कैदेतच तापाने गेला; सुटकेचा निकाल ऐकायला तो नव्हता. ही नावे गाजलेल्या खटल्यांमुळे कळली. ज्यांच्या जामिनासाठी कोणी वकील उभा राहत नाही, जातमुचलक्याला कोणी येत नाही, अशांची संख्या कितीतरी मोठी आहे.

आत्महत्येचा प्रश्न वेगळा आणि अधिक झोंबणारा. २०१७ ते २०२१ या पाच वर्षांतल्या ८१७ अनैसर्गिक मृत्यूंपैकी ६६० आत्महत्या होत्या, असे न्यायमूर्ती अमिताव रॉय समितीने सर्वोच्च न्यायालयाला कळवले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या १०३व्या कलमात बंद्यांच्या उपचाराची तरतूद आहे. प्रत्यक्षात, इंडिया जस्टिस रिपोर्टच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे देशभरच्या तुरुंगांत मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ मिळून २५, आणि ३०० बंद्यांमागे एक डॉक्टर असावा या निकषाऐवजी ७७५ मागे एक. खिडकीचे गज बदलून आणि चादरी मोजून थोडे मृत्यू टळतीलही. आत आल्यानंतरचे पहिले दिवस, जामीन नाकारल्याची संध्याकाळ, घरून कोणी मुलाखतीला येईनासे झाल्याचा महिना, या वेळी कोणी बोलायला असेल तर अधिक टळतील.

स्त्रियांची संख्या कमी म्हणून त्यांचे आरोग्य नेहमीच शेवटी येते. सहा वर्षांपर्यंतची मुले आईबरोबर आत राहू शकतात. त्यांच्या दुधापासून लसीपर्यंतची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालाने शासनावर टाकली. जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात एका शिक्षाबंदी स्त्रीचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा तिच्या सोबतच्या बंदी स्त्रियांनी आवाज उठवला म्हणून प्रकरण बाहेर आले आणि कर्मचाऱ्यांवर खटला उभा राहिला. आणि जात? पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगातली जातीवर आधारित कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. संडास-गटार कोणी साफ करायचे हे जातीवरून ठरत असेल, तर संसर्ग कोणाला आधी होणार हेही जातीवरून ठरते. आरोग्याच्या पुस्तकात या निकालाला जागा हवीच होती.

प्रस्तुत संग्रह या साऱ्या वाटा एकत्र आणतो. त्यात कारागृहात काम केलेले डॉक्टर आहेत, वकील आहेत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’सारख्या उपक्रमांनी घालून दिलेल्या वाटेवर बंद्यांबरोबर काम करणारे कार्यकर्ते आहेत, इतिहासाचे अभ्यासक आहेत, आणि आत राहून आलेली माणसेही. त्यांच्यात एकमत नाही. काहींना खासगी रुग्णालयांशी करार हा तातडीचा उपाय वाटतो, काहींना तो सरकारने हात झटकण्याचा मार्ग वाटतो. काही डॉक्टर आपल्या सहकाऱ्यांची बाजू कळकळीने मांडतात, आणि त्यांचेही खरे आहे: एका डॉक्टरवर हजारभर माणसे सोडून नंतर त्यालाच जाब विचारणे अन्यायाचे आहे. संपादकांनी ही मतभिन्नता मिटवलेली नाही, ते योग्यच झाले.

पोलीस कोठडीतले मृत्यू या पुस्तकात घेतलेले नाहीत. त्यांचे कायदे, चौकशी आणि कारणे वेगळी असल्याने त्यांना स्वतंत्र ग्रंथ हवा. इथे विषय आहे न्यायालयाच्या आदेशाने कारागृहात ठेवलेल्या माणसाचा. बंद्यांच्या कहाण्यांत नावे बदलली आहेत, पण दिनांक शक्य तिथे जसेच्या तसे ठेवले आहेत. त्यामागे हेतू आहे. छाती दुखते असे पहिल्यांदा कधी सांगितले, हिस्ट्री तिकिटावर, म्हणजे बंद्याच्या नोंदपत्रकावर, काय लिहिले गेले, गार्डची मागणी कधी गेली, ससून, जे. जे. किंवा नागपूरच्या शासकीय रुग्णालयात खाट कधी मिळाली, हे वाचकाने स्वतः मोजून पाहावे.

शेवटच्या भागात १८९४ च्या कायद्यातले ते प्रश्न आजच्या भाषेत एका तक्त्यात मांडले आहेत, आणि त्यात दोन नव्या ओळी जोडल्या आहेत: जामिनाचा अर्ज कधी केला व त्याचे काय झाले, आणि सुटलेल्या बंद्याला उपचाराची कागदपत्रे व औषधे देऊन पाठवले का. हा तक्ता नातेवाइकांना भरता येईल, वकिलांना चौकशीच्या वेळी मागता येईल, आणि एखाद्या कारागृह अधीक्षकाला वाटले तर आपल्या कचेरीत उद्यापासून वापरता येईल. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी भेटींच्या वेळी तो हातात ठेवला आणि वर्षअखेरीस प्रत्येक कारागृहाचे तक्ते एकत्र छापले, तर या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीतले अर्धेअधिक लेख नव्याने लिहावे लागतील.